तीन पातेली

खडेबाजारच्या मागच्या बोळात, झेरॉक्सच्या उबट वासात
मी हॉटेलांची मेनूकार्डं टाइप करते.
अकरा वर्षं झाली.
वर कन्नड, मोठं. खाली मराठी. कडेला इंग्रजी.
उजवीकडे आकडे, एका रेषेत;
ते हलले की माझं डोकं हलतं.
व्हेज कोल्हापुरी, व्हेज जयपुरी, व्हेज हैदराबादी,
व्हेज दिवाणी, व्हेज तुफानी.
तुफानीतला तु ऱ्हस्व की दीर्घ, यावरून
एका मालकाशी मी भांडलेसुद्धा.
खाल्लं मात्र यातलं एकही नव्हतं.
आमच्यात बाहेर खायचं म्हणजे
स्टँडवर पुरीभाजी, बस लागेपर्यंत.

मग गोवावेसच्या ‘चंद्रमौळी’वाल्या होसमनी शेठनी
बाराशेचं बिल सहा महिने थकवलं
आणि म्हणाले, जेवायलाच या की ओ मॅडम, फॅमिली घेऊन.
फॅमिली म्हणजे मी आणि चौथीतला तेजू.

टेबलावर माझंच कार्ड आलं, लॅमिनेशन केलेलं,
कोपऱ्यावर कुणाचं तरी पिवळं बोट.
तेजूला जयपुरी पाहिजे होती.
मी कोल्हापुरी सांगितली, माहेर कागलकडचं म्हणून.
माहेरी असली भाजी कधी पाहिली नाही,
हे वेटरला सांगितलं नाही.

दोन वाट्या आल्या. रंग एकच.
एकीवर तळलेली मिरची, आडवी.
दुसरीत पापड खोचलेला, उभा.
मी या वाटीत रोटी बुडवली, त्या वाटीत बुडवली,
पुन्हा या.
प्रूफात दोन ओळी सारख्या आल्या की
एक खोडायची असते.
हातात पेन नव्हतं.

राहवलं नाही, आत गेले.
मल्लेशी आचारी, बैलहोंगलचा,
कमरेइतक्या पातेल्यांमध्ये उभा.
“तीनच हाय बघा अक्का.”
तांबडी: टोमॅटो, काजू, ब्याडगी मिरची रंगापुरती.
पांढरी: उकडलेला कांदा, मगजबी.
पिवळी: तळलेला कांदा, हळद, “ते सगळ्याची आई.”
तांबडीत पांढरीचा एक डाव, झाली मखनी.
पांढरीत साखर, शाही.
पिवळीत पालक वाटून ओतला की हैदराबाद आलं.
“आणि दिवाणी?”
तो हसला. “जे उरतंय ते.”

तेवढ्यात संतू वाडगं घेऊन पळत आला,
चंदगडचा पोरगा, लागून चार दिवस झालेला.
पाच नंबरवर सौंदत्तीकडचे पाहुणे ओरडत होते.
ते म्हणाले होते, खारा जास्ती हाक्री.
संतूनं जाता जाता मूठभर मीठ टाकलं होतं.
“खारा म्हंजे तिखट रे, गाढवा!”
“आमच्यात खारा म्हंजे खारा,”
संतू म्हणाला, रडवेला.
दोघांचंही बरोबर होतं.
वाडगं तेवढं एकच होतं.
मल्लेशीनं त्यात पांढरीचे दोन डाव ओतले,
उकडलेला बटाटा कुस्करला,
वर चमचाभर लाल पूड मारली, कढईतून फिरवलं.
“आता काय झालं हे?” मी विचारलं.
“आता तुफानी.”

बाहेर तेजूनं दोन्ही वाट्या पुसून घेतल्या होत्या.
जयपुरीच भारी होती गं आई, म्हणाला,
कोल्हापुरी जरा फिकी.
मी हं म्हणाले.
एवढ्या खात्रीनं चव सांगणाऱ्याला
आतलं काय सांगायचं?
आणि पातेली तीन, हे खरं;
पण कार्डावर बत्तीस नावं आहेत,
रात्री जागून एका रेषेत लावलेली,
ती काही मल्लेशीनं लावलेली नाहीत.

सोमवारी शेठचा फोन.
सगळीकडे दहा रुपये वाढवा. आणि एक नवीन घाला,
व्हेज बेळगाव.
कन्नडात बेळगावी, मराठीत बेळगाव,
इंग्रजीत काय ते तुम्हीच बघा, भांडण नको.
मल्लेशीला विचारलं, कुठल्या पातेल्यातली?
“तिन्हीतली थोडी थोडी.”
आणि वर काय?
“ते तुम्ही सांगा की अक्का.”

मिरची झाली, पापड झाला.
वरचं अजून ठरत नाही.
किंमत ठरलीय:
दोनशे दहा.