ते थेंब गेले कुठी

ज्योत्स्ना टेकामनं कार्ड काढून दाखवलं,
रेशनकार्ड, आधार, मोबाइलची जुनी पावती
सगळं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर.
सहावा आठवडा. दहावा. चौदावा.
तिन्ही चौकोनांत तारखा, तिन्हींखाली माझीच सही.

"मी काई भांडत नाही, सिस्टर.
फक्त सांगा, ते थेंब गेले कुठी?"

पोडावर जानेवारीचं ऊन.
तुरीच्या काड्यांच्या कुडाला टेकून बकरी.
खाटेवर समीक्षा, दहा महिन्यांची.
कार्डावर समीक्षा; घरात ढेमशी,
जन्मली तेव्हा तशी गोल होती म्हणून.
आता टाळू खोल गेलेली,
चिमटीतून सोडलेली पोटाची कातडी
परतायला वेळ घेते.
मी मनात मोजते. एक. दोन.
पातेल्यात पुडीचं पाणी. चमचा, चमचा, चमचा.

थेंब पाच होते. मला आठवतं.
बर्फाच्या डब्यातली कुपी,
तिच्यावरचा इवला चौकोन अजून पांढराच,
उजेडात धरून पाहिला होता मी.
थुंकली नव्हती ती. गिळले होते पाचही,
आणि तोंड वाकडं करून
माझं बोट चोखलं होतं.

मागच्या महिन्यात शहरातून डॉक्टर आले,
पोरांना दोन साखरा पाजल्या:
एक बारीक, ती आतड्यातून रक्तात उतरते;
एक जाड, तिनं उतरायचं नसतं.
मग लघवीची पिशवी चिकटवून बसायचं, पाच तास.
ढेमशीच्या पिशवीत जाडी साखर निघाली.
म्हणजे आतलं अस्तर विरलेलं,
धुऊन धुऊन लुगड्याचा पदर विरतो तसं.
तेव्हा जुलाब नव्हते तिला.
पिशवीशी खेळत होती.

हे कसं सांगायचं?
की रोज थोडं थोडं काहीतरी पोटात जातं,
कोंबडीनं अंगणात टाकलेलं, बोटाला लागलेलं,
हातपंप बंद पडल्यापासून झिऱ्याचं,
आणि आतडं आजारी न पडता
नुसतंच थकत जातं.

सांगितलं, जमेल तसं.
तिनं ऐकलं, चमचा थांबवला नाही.
मग म्हणाली,
"म्हंजे पाव्हणा आला होता,
पन घरात आधीच कल्ला सुरू.
दाराशी उभा रायला.
कोनी पानीबी इचारलं नाही.
गेला निंघून."

डॉक्टरांच्या अहवालात याला बारा पानं लागली होती.

माझ्या मुलाला यवतमाळात हेच थेंब दिले,
हीच कंपनी, कदाचित हीच पेटी.
त्याच्या रक्तात त्यांची ओळख राहिली असणार.
आमच्याकडे फरशी आहे, नळाला फिल्टर आहे.
त्यात माझी हुशारी काही नाही.

"मंग याले द्याचे का नाही?"
हात पोटावर. मला माहीत नव्हतं, चौथा महिना.
द्यायचे, मी म्हटलं. तिन्ही वेळा.
पाव्हणा एकदा दारात दिसला
तरी पुढच्या वेळी कुणीतरी ओळखतं.
अर्धी ओळखसुद्धा ओळखच.
तिनं मान हलवली. पटलं म्हणून, की
मी एवढ्या लांबून आले म्हणून, कळलं नाही.

चारच्या सुमारास ढेमशीनं खाट ओली केली.
आम्ही दोघी हसलो, लॉटरी लागल्यासारख्या.

निघताना तिनं स्टीलचा ग्लास पुढे केला.
"पानी घ्या, सिस्टर."
माझ्या पिशवीतून माझी बाटली डोकावत होती,
घरून भरून आणलेली.
तिनं ती पाहिली.
ग्लास मी हातात घेतला.
किती वेळ तसाच धरून होते, सांगता येत नाही.
तळाशी बारीक रेती
हळूहळू बसत होती.