निशाणी एक्केचाळीस

रावेरच्या कोर्टात, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली
माझं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या बोर्डाच्या कागदाची घडी.
ते हमीपत्र मी तिथंच टाइप केलं, मार्चमध्ये,
रिबन वाळली होती म्हणून जोरात ठोकून:

मी, कुमुदिनी सुधाकर नारखेडे, वय बावन्न, धंदा घरकाम,
प्रतिज्ञेवर लिहून देते की
मयत आईची तेरा पुतळ्यांची माळ
माझ्या ताब्यात असून ती मी तीस दिवसांत
मे. कोर्टात खात्रीने हजर करीन.

'खात्रीने' तिचं नव्हतं.
ती म्हणाली होती, डबा माझ्याकडं आहे, वाजतो.
एवढंच. वाजतो.
खात्री मी घातली, ओळ भरायला,
सगळ्यांच्याच घालतो तशी.

डबा पितळी, झाकणाला डाख मारलेला.
आई गेल्यापासून दर दिवाळीला
ती तो चिंचेनं घासायची, कानाशी हलवायची,
ठेवून द्यायची.
उघडायचं कशाला? आतलं कोणाला माहीत नव्हतं?

एप्रिलात सावद्याच्या सोनारानं डाख उडवला.
आत लाल दोरा, दोऱ्यात तेरा चिंचोके
भोकं पाडून ओवलेले, तेलानं काळेभोर.
तळाशी चिठ्ठ्या, त्याच पेढीच्या,
त्याच्या मेलेल्या बापाच्या अक्षरात.
दोन पुतळ्या, हेमराजची पाण्यातली मोटार.
एक, हेमराजचं धुळ्याचं होस्टेल.
वादळात केळी आडवी झाली त्या साली एकदम तीन.
एक, कुमूचं बाळंतपण, भुसावळचा दवाखाना.
पुढचं पुसलेलं.
पुतळी गेली की माउलीनं चिंचोका ओवला.
डबा वाजत राहिला.

तीस दिवसांतले नऊ उरले होते.
बोंडे वकील म्हणाले, कोर्टाला दिलेला शब्द आहे, मोडता येत नाही.
पण समजुतीच्या चुकीनं दिला असेल
तर परत मागता येतो. रीतसर.
पंचवीस वर्षं मी इथं बसतो.
लोक बांध परत मागतात, बैल मागतात, नांदायला बायको मागतात.
शब्द परत मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.
त्या अर्जाची एकेक ओळ मी तिला विचारून मारली.

सुनावणीला पंखा गरम हवा ढवळत होता.
हेमराजचा वकील म्हणाला, विकून खाल्ली हिनं.
जजसाहेबांनी चिठ्ठ्या पाहिल्या,
मग चष्म्यावरून म्हणाले, फिरके, पुढं या. तुम्हीच वाचा.
तो वाचत गेला. मोटारीपाशी आवाज बसला,
होस्टेलपाशी त्यानं कागद खाली ठेवला.
"हरकत नाही" इतकं हळू म्हणाला
की कारकुनाला दोनदा विचारावं लागलं.

हुकूम तीन ओळींचा.
हमी गैरसमजातून दिलेली. अर्जदार हमीतून मुक्त.
दावा पुढे चालू.
वावर, घर, विहिरीतला पाळीचा हिस्सा,
त्यांना जूनची तारीख.

उन्हं कलल्यावर ती परत आली.
चिंचोके पाहिजेत म्हणाली.
पण ते आता निशाणी एक्केचाळीस, अर्जाशिवाय मिळत नाहीत.
मी कागद चढवला. वस्तूचे वर्णन, तेरा चिंचोके, दोऱ्यासह.
मूल्य?
ती माझ्याकडं बघत राहिली.

मागं हेमराज. मोटारसायकल चालूच ठेवलेली.
"सात मले," तो म्हणाला. "सहा तुले."
"सात कायले?" ती फिरली. "पह्यलेपासून रडीचा तू."

आता हे भांडण म्हणावं की काय,
मला सांगता येणार नाही.
मी दोघांची नावं टाकली, अर्जदार एक, अर्जदार दोन,
आणि पुन्हा मूल्यावर आलो
तर मशीनची घंटी वाजली. ओळ संपली होती.
मी रूळ मागं ओढला.