उतार

तुझ्या बाजूला दोन, माझ्या बाजूला दोन,
असे चार काळे दगड पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली.
तूच तासून आणलेस कामावरून, डब्याच्या पिशवीतून,
आणि सवयीनं लेव्हल लावून पाहिलीस.
या घरात एवढी एकच गोष्ट तू मुद्दाम तिरपी बसवलीस.

"हळूहळू उतार पडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.
पडला. पलंगाला.

तेव्हापासून मी रात्रभर घसरते, अबीलियू.
पहाटे माझे पाय खालच्या फळीला टेकलेले
आणि तू तिकडे वर, तीन उशांना पाठ लावून,
शेवटची बोट चुकलेल्या उतारूसारखा बसून.
दोनला खोकतोस. अडीचला पाणी.
मग खिडकीशी उभा, हात छातीवर.
पहिल्या वर्षी मला वाटायचं, हृदयच.
तारा लावून काढलेला कागद चांगला आला,
"नुसतं पित्त आहे," बाई म्हणाल्या.
त्या 'नुसतं'ला आता सात वर्षं झाली.

तुझं काम वाकण्याचं.
सेतूबालच्या फुटपाथांवर गुडघे टेकून
पांढऱ्यात काळा, काळ्यात पांढरा,
मासे, लाटा, एखाद्या बंद पडलेल्या दुकानाचं आद्याक्षर.
वाकलास की वर येतं.
एक लाट ठोकून बसवायची,
एक लाट गिळायची.

झेफरीनू मुकादमाला वाटतं, तू सकाळीच टाकून येतोस,
कारण घटकेघटकेला उठून भिंतीकडे तोंड करतोस.
सांगून टाक त्याला, मी म्हटलं.
तू म्हणालास, करपट ढेकर येतात म्हणून कुणी सुट्टी मागतं का?
पाय मोडला असता तर
पोरांनी प्लास्टरवर सह्या केल्या असत्या.

हातावर पोट असलेली माणसं आपण.
पोटानंच हात धरला, तर?

स्वयंपाकातून मी एकेक नाव खोडत गेले.
टोमॅटो. कांदा. व्हिनेगर. तुझी उभ्याउभ्या प्यायची कॉफी.
दारच्या झाडाची संत्री आता शेजारी नेतात,
साल सोलल्याचा वास भिंतीवरून येतो
आणि तू रेडिओ मोठा करतोस.
माझ्या भावाच्या पन्नाशीला अंगणात सार्डिन भाजत होते,
तू उकडलेल्या बटाट्याची बशी घेऊन कोपऱ्यात.
नऊच्या आत उठलास, म्हणून मीही उठले.
मला नाचायचं होतं.
हे मी तुला सांगितलेलं नाही.
पोटातलं ओठांवर आणू नये म्हणतात,
या घरात तो नियम मी एकटी पाळते.

इदालिना केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन आली त्या दिवशी.
"पप्पा, तुमची चघळायची गोळी म्हणजे तुमचाच पांढरा दगड.
चुनखडी. तीच."
तू गोळी उजेडात धरलीस, नखानं खरवडलीस,
ठेकेदाराचा माल पाहावा तशी.
"भुसभुशीत आहे," म्हणालास,
"उंच टाचांची एक बाई चालली तर संपली."
आणि हसलास. हसताना वर आलं.
गिळलंस. आणि पुन्हा हसलास,
वीस वर्षं ज्याची धूळ ओठांवर घेऊन घरी येतोस
तेच आता दुकानातून विकत आणतोस म्हणून.

काल रात्री घसरता घसरता पायांना काहीतरी लागलं.
चाचपून पाहिलं.
गादीखाली आडवी पट्टी ठोकलेली,
वर माझ्या जुन्या स्वेटरची बाही गुंडाळलेली.
कधी ठोकलीस कोण जाणे.
माप चुकलंय, वीतभर.
गुडघे दुमडून झोपावं लागतं.
वर तू खोकतोस.
अडीच वाजले असणार.