परत लाव

इर्याच्या व्हॅनमधल्या निम्म्या वस्तू
कुलपांसाठी जन्मल्याच नव्हत्या.
दवाखान्याने टाकून दिलेला रक्तदाबाचा पट्टा:
गाडीच्या दाराच्या फटीत सरकवून फुगा दाबायचा,
दार बोटभर श्वास घेतं.
दाताच्या डॉक्टरचा इवलासा आरसा,
टपालाच्या फटीतून आत डोकावायला.
सायकलच्या चाकाची तार,
कानशीने घासघासून मासोळीच्या पाठीसारखी केलेली.
दुधाच्या कॅनची कापलेली पट्टी.
आणि एक मफलर, जो नुसता मफलर होता.
"दारात कुडकुडणाऱ्याला आधी हा दे," ती म्हणायची,
"कुलूप काही पळून जात नाही."

डलूथमध्ये जानेवारीत
माणसं कचरा टाकायला बाहेर येतात
आणि मागे दार आपलं आपण मिटतं.
उणे सत्तावीस, अंगावर झोपायचा झगा,
आणि समोरचा रस्ता थेट खाली सरोवरात उतरलेला,
तिथे खनिजाची जहाजं
हिवाळाभर नांगर टाकून गप्प.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
कुलपाचं तसं नाही, हे मी तिच्याकडे शिकले.
झोपलेल्या बाळाच्या मुठीतून
खुळखुळा काढतेयस, असा हात ठेव.
जोर केलास की ते जागं होतं, आणि मग बस.

एकदा एक जण म्हणाला, हे माझंच घर.
इर्याने विचारलं, ओट्याखालच्या पहिल्या खणात काय आहे?
तो म्हणाला, चमचे... बहुतेक.
तिने हत्यारं गुंडाळली.
येताना व्हॅनमध्ये बोलली नाही, फक्त सिग्नलला म्हणाली,
"मी तर माझ्या खणातल्या तुटक्या बटणांसकट सांगितलं असतं."

रेइनो मात्तिलाचा फोन फेब्रुवारीत आला.
उत्तरेच्या एका लहान तळ्यावर,
गोठलेल्या पाण्यावर उभी त्याच्या भावाची झोपडी,
मासे धरायची, दोन माणसं मावतील एवढी.
किल्ली भावाच्या कोटात राहिली
आणि कोट भावाच्या अंगावर.
"कापायचं नाही," रेइनो म्हणाला. "ते त्याने विकत घेतलेलं आहे."

पितळी कुलूप, जुन्या बनावटीचं,
नुसतं दाबून न लागणारं;
लावायलाही किल्लीच हवी.
आत बर्फाने दात घट्ट आवळलेले.
इर्याने थर्मासमधली उरलेली कॉफी
शेकायच्या रबरी पिशवीत ओतली
आणि पिशवी कुलपाला बांधली,
कान दुखणाऱ्या पोराला बांधतात तशी.
आम्ही तिघं वाट बघत उभे.
बर्फ खाली कुठेतरी लांबवर कण्हला.

मग सायकलची तार. वीस मिनिटं.

आत दोन स्टुलं, बर्फातलं भोक पुन्हा भरून आलेलं,
मध्ये पत्त्यांच्या डावाची लाकडी फळी,
खुंट्या अर्ध्या वाटेवर.
एका बाजूची पानं उलथी ठेवलेली.
रेइनोने उंबरा ओलांडला नाही.
बोटाने हवेतच घरं मोजली.
"सातने पुढे होता," तो म्हणाला. "लबाड."
मग बराच वेळ काही नाही.
मग: "परत लाव."

किल्लीशिवाय उघडायला शिकवतात सगळे.
किल्लीशिवाय लावायचं कसं,
ते इर्यालाही त्याच दिवशी शोधावं लागलं.
हातमोजे काढून, तार उलटी धरून,
दाताच्या आरशात उजेड पकडून,
पाऊण तास.
मी तिच्या पाठीमागे वाऱ्याला आडवी उभी राहिले,
तेवढंच माझं काम.
शेवटी आत काहीतरी बसलं, अगदी हळू.

पावतीपुस्तकात छापील रकाना एकच: उघडले.
तिने तो कोरा सोडला,
खाली हाताने लिहिलं: कॉफी, एक थर्मास,
आणि तेवढेच पैसे घेतले.

मार्चच्या मध्यावर बर्फ पातळ होतो,
सगळ्या झोपड्या काठावर ओढून आणाव्या लागतात.
रेइनोला ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.
व्हॅनच्या आरशात तो दिसत राहिला,
कुलूप ओढून बघत,
एकदा,
मग पुन्हा एकदा.