बहात्तर तास

बर्गेनमध्ये तिसऱ्या मजल्यावर
टोरब्यॉर्ग चौकट काढते, मग बाण, मग चौकट.
पोर्टोहून ऑर्डर आली की
शीतगृहाला विचारायचं: जागा आहे?
विम्याला विचारायचं: किती?
मग ट्रकला, कस्टमला, फ्रँकफर्टच्या बँकेला.
कुणी कुणाला ओळखत नाही,
ओळखायची गरजही नाही;
विचारलं तेवढंच सांगायचं,
असा सगळ्यांचा करार.

बाकीच्या सेवा पातं लवायच्या आत बोलतात.
एकच, वार्डोच्या वजनकाट्याची,
चार तास घेते.
रविवारी विचारलं तर सोमवार उजाडतो.

सर्व्हर जुना असेल, म्हणून तिने
त्या चौकटीपुढे एक घड्याळ काढलं: बहात्तर तास थांब.
एवढं थांबायला तिने
आजवर कुठल्याच यंत्राला शिकवलं नव्हतं.

नोव्हेंबरात एकदा उत्तर आलं नाही.
त्र्याहत्तराव्या तासाला
सगळी वीण आपली आपण उसवू लागली,
शेवटचा टाका आधी:
पैसे परत. ट्रक परत.
विमा रद्द. शीतगृहातली जागा मोकळी.
पोर्टोला दिलगिरी, तीही
तिनेच दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली.
सगळं जिथल्या तिथे,
जणू कुणी काही मागितलंच नव्हतं.
फक्त नऊशे किलो कॉड
समुद्रात परत जाईना.

तिने फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला.
मग एक कोवळा आवाज:
आइलेर्ट आजोबा किर्केनेसच्या हॉस्पिटलात आहेत.
धक्क्यावर बर्फ होता. कमरेचं हाड.
तुम्ही त्या प्रश्नवाल्या का?
ते सांगतात, बर्गेनहून प्रश्न येतो
कंसांत कंस गुंडाळलेला,
मग ते स्टोव्हजवळचा चष्मा शोधतात,
बूट चढवून काटा बघून येतात
आणि एका बोटाने आकडा टाइप करतात.
एकदा शेवटी "आज वारा फार" असंही लिहिलं,
तर तुमच्याकडून परत आलं: स्वरूप चुकीचं.

स्क्रीनवर चौकटी तशाच, काटकोनात.
वार्डोच्या चौकटीत तिने
एक जास्तीचा रकाना उघडला,
भरलाच पाहिजे असा नियम नसलेला.
नाव काय द्यावं, सुचेना.
मग लिहिलं: शेरा.

आणि घड्याळावर बोट ठेवून
बहात्तरचे किती करावेत
याचा हिशेब करत बसली;
म्हातारं हाड सांधायला किती तास लागतात
ते कुठल्या सेवेला विचारायचं
हे ठाऊक नसताना.