गाळा नंबर

आप्पांनी चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला
आणि माझी पट्टी वाचली.
म्हणजे ॲपने पाठवलेला महिन्याचा हिशेब;
पण त्यांच्यासाठी हिशेबाला शब्द एकच, पट्टी.
दादरच्या फुलबाजारात एकतीस वर्षं ती फाडली त्यांनी,
गुलाबी कागद, खाली कार्बन, कानावर पेन्सिल.

शंभर रुपये ऐकणाऱ्याने दिले, ते म्हणाले.
मग तीस कुठे गेले?

दुकानाला.
कुठल्या दुकानाला?
फोनमधल्या. जिथून ॲप उतरवतात ते.
त्याने काय केलं? हमाली? तोलाई? पाणी मारलं मालावर?
पैसे घेतले, मी म्हटलं. म्हणजे
पैसे घ्यायचं काम केलं.

आप्पा बराच वेळ गप्प.

उरलेल्या सत्तरातले अठ्ठावीस ॲपचे, बेचाळीस माझे.
बेचाळीस रुपयांत बावीस गोष्टी,
झोप न येणाऱ्या माणसांसाठी,
कपाटात बसून वाचलेल्या,
आईच्या साड्यांमध्ये, कारण साड्या आवाज पितात,
पंखा बंद, फ्रीज बंद,
कन्नमवार नगरातलं शेजारचं बाळ
एकदाचं निजलं की.

आम्ही सहा टक्के घ्यायचो, आप्पा म्हणाले,
आणि वसईचा डुमिंग लोपीस पहाटे साडेचारला
मोगऱ्याची करंडी माझ्या पायावर ओतून
आईबहिणीवरून बोलायचा.
बरोबरच होतं त्याचं. कधीकधी मी आठ लावायचो.
शिव्या देऊन झाल्या की माझ्याकडूनच चहा प्यायचा
आणि वरचे दोन टक्के मोजून परत न्यायचा.

ॲपवाल्या पोरांचं पत्र आलंय. चौघंच आहेत,
पवईत एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर बसतात.
लिहितात, ताई, आम्हालाही परवडत नाही.
एक तर फोनवरचा भाव एकशे चाळीस करू,
नाहीतर तुमच्या बेचाळीसचे पस्तीस. कळवा.
वेबसाइटवरून भरले तर ते तीस वाचतात,
पण हे ॲपमध्ये बोलायचं नाही,
गोष्टीत तर नाहीच नाही.
बोललो तर आपलंच ॲप दुकानाबाहेर.

मुलुंडच्या टिपरेबाई मला ऐकतात, नजर अधू झाल्यापासून.
त्यांना ब्राउझर कोण समजावणार?
त्यांचा अंगठा एकाच बटणापर्यंत पोचतो
आणि ते बटण दुकानाचं.

परवा मी एका गोष्टीत हळूच घातलं होतं,
राजाच्या मुदपाकखान्यात
मागच्या दाराने आलं की लाडू मोठा मिळतो.
वाचलंही, दोनदा, आवाज जरा खाली घेऊन.
मग काढून टाकलं.
टिपरेबाईंना कळलं नसतं,
दुकानाला कळलं असतं.

आप्पा अजून पट्टीच बघतायत,
वर सरकवतात, खाली, परत वर.
गाळा नंबर नाही कुठे, म्हणतात.
आमच्या प्रत्येक पट्टीवर असायचा, वरती उजवीकडे.
कुणाला भांडायला यायचं असेल तर
सापडायला नको का माणूस?
तू गाळा सांग मला. उद्या सकाळी जाऊन बोलतो.

फ्रीज लावायचा राहिलाच माझ्याकडून.
दुधाच्या पातेल्यावर वाकून वास घेते.
बरं आहे अजून,
बहुतेक.