भुरका

विद्यापीठाच्या खडकी गेटसमोर,
झेरॉक्सच्या दोन दुकानांच्या मधे
पूर्वी पंक्चर काढून मिळायचं,
तिथे आता ‘हाशी’ आहे.
सात स्टुलं, भिंतीला ठोकलेली एक फळी,
आणि पाटीवर खडूनं :
रामेन एकशे चाळीस, अर्धा नव्वद.
अर्धा म्हणजे अंडं नाही.
आम्ही बहुतेक अर्धाच घेतो.

हाशी म्हणजे जेवायच्या काड्या.
सूर जरा वरखाली झाला
की हाशी म्हणजे पूल.
माझा सूर दर वेळी मधेच कुठेतरी पडतो.
तोंडी परीक्षेत एकदा मी
पुलानं भात खाल्ला होता.

बार्शीहून अण्णा आले, फी रोखीनं भरायला.
भुवयांत पीठ होतंच, ते आंघोळीनंही जात नाही.
दीड वाजलेला. मेस बंद.
म्हटलं, चला, जपानी खाऊ.
“आज गुरुवार हाय.”
मशरूमचं सांगते की.
“म्हंजे छत्र्याच.”

स्टूल उंच. अण्णांचे पाय टेकेनात.
एक चप्पल खाली पडली, ती त्यांनी पडू दिली.
पलीकडे आमच्या वर्गातली इरावती न् तिचा तो,
काड्या अशा धरून, जणू बोटांनाच फुटल्यात.
मी मनात म्हणत होते, आता चमचा मागतील,
आता मोठ्यानं बोलतील.

अण्णांनी वाडग्यातून एक शेवई बोटांनी काढली,
तोडली, वास घेतला,
दातांच्या पुढच्या पुढे चावून पाहिली,
गिरणीत दळण घेताना गहू पाहतात तशी.
“मैदा. पण चांगला मळलाय. पाणी हात राखून.
ह्यात पापडखार हाय काय?”

रोशन तमांग, कालिंपोंगचा,
दोन वर्षं आम्हाला पाठ करून वाढणारा,
पहिल्यांदा वळला.
“आपको कैसे पता?
जपानवाला महँगा पडता है, अंकल.
मार्केट यार्ड से पापडवाला ही लाता हूँ.”
मग दोघांचं सुरू झालं,
किती किलोला किती चिमूट,
उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती.
अण्णांचं हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ लावलेलं.
माझं जेवण निवत होतं
आणि मी दुभाषी व्हायला शिकतेय,
पण कुणालाच माझी गरज नव्हती.

मग त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला
आणि भुरका मारला.

तोच. बशीतल्या चहाचा, आमटीचा,
अख्ख्या आळीला कळेल असा.
आतेबहिणीच्या साखरपुड्यात या भुरक्यासाठी
मी त्यांना कोपरानं ढोसलं होतं.
नववीत होते.
तेव्हापासून माझ्यासमोर अण्णा
चहा गार करून पितात.

धडा अकरा : जपानमध्ये शेवया खाताना
आवाज करणे शिष्टाचारास धरून आहे.
हे मी परीक्षेत लिहिलंय, चार गुणांना,
चारही मिळाले.
पण इथे कुणी आवाज करत नाही,
सगळे पुण्यात शिकतोय.

अण्णा थबकले. माझ्याकडे पाहिलं.
वाडगा अर्ध्यावर खाली आणला.

मी माझा उचलला,
डोळे मिटून ओढला भुरका,
आणि सगळं नाकात गेलं.
ठसका, पाणी, इरावतीचा रुमाल,
पाठीवर अण्णांचा जड हात :
“हळू. श्वास आत घेताना नसतं वढायचं.”
म्हणजे त्यातही काही रीत होती
आणि ती मला येत नव्हती.

पैसे त्यांनीच दिले.
पाटी वाचली असावी, कारण बाहेर आल्यावर म्हणाले,
“अंडं घेत जा.”

स्वारगेटला एसटीत चढताना दिसलं,
खिशात बॉलपेनाशेजारी
पुसून ठेवलेल्या दोन काड्या.
हे कशाला अण्णा?
“गिरणीच्या नळीत पीठ अडकतंय,
तिथं बोट जात न्हाई.”